माझ्या नावावर खपवलेला अर्थ

कोश आहे मी, मित्रांनो. जुना, जाडजूड, लाल कापडी बांधणीचा मराठी शब्दकोश. पाठीवरची माझी सोनेरी अक्षरे कधीच झिजून गेली आहेत आणि मागच्या पुठ्ठ्याचा एक कोपरा वाळवीने खाल्ला आहे. पण माझे एकही पान गळालेले नाही आणि माझ्यातला एकही अर्थ मी आजवर बदललेला नाही. हे मी फुशारकीने सांगत नाही. पुढची हकिगत कळायला ते ठाऊक असलेले बरे.

माझा जन्म पुण्यातल्या एका छापखान्यातला. तिथल्या बाइंडरने मला जाड दोऱ्याने शिवले, कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालून पुठ्ठे चिकटवले आणि दोन दिवस वजनाखाली दाबून ठेवले. तिथून मी भोरला आलो तो अप्पांच्या पिशवीतून. अप्पा कचेरीत कारकून होते. बोटाला थुंकी लावून पान उलटणारा माणूस त्यांना आवडत नसे. ते स्वतः माझे पान वरच्या कोपऱ्याला धरून, अगदी हलक्या हाताने उलटत. आळीत शब्दावरून वाद झाला की माणसे आमच्या ओट्यावर येत. अप्पा चष्मा पुसत आणि म्हणत, "मी काय म्हणतो ते सोडा. कोश काय म्हणतो ते बघू." मी सांगितले की वाद मिटे. माझ्या आयुष्यातले ते मानाचे दिवस होते.

अप्पा गेले आणि मी कपाटावर गेलो. त्यांचा मुलगा उपेंद्र वकील झाला होता. त्याला काही अडले तर तो मोबाईलवर बघे. एका उन्हाळ्यात सौदामिनीने, म्हणजे त्याच्या बायकोने, माझ्यावर लोणच्याची बरणी ठेवली. तिचा तेलकट गोल डाग माझ्या अंगावर अजून आहे. त्याचा मला राग नाही. काम नसलेल्या वस्तूवर काहीतरी ठेवले जाणारच.

मग स्नेहल आली.

उपेंद्रची मुलगी वैदेही तेव्हा नववीत होती आणि स्नेहल तिच्या वर्गात. स्नेहल हिर्डोशीची. हिर्डोशी म्हणजे वरंध घाटाच्या वाटेवरचे डोंगरातले गाव. तिकडे जाणाऱ्या एसटी मोजक्याच. शाळा सुटल्यावर संध्याकाळची गाडी लागेपर्यंत स्नेहलला बराच वेळ काढावा लागे. पहिल्यांदा ती स्टँडवरच बसून राही. एकदा वैदेहीने तिला घरी आणले. सौदामिनीने पोहे केले आणि म्हणाली, "रोज येत जा गं. स्टँडवर कशाला बसतेस एकटी?" तेव्हापासून ती रोज येऊ लागली.

त्या वर्षी त्यांच्या प्रद्युम्न सरांनी वर्गात एक जुनी गोष्ट वाचायला घेतली. शंभरेक वर्षांपूर्वी लिहिलेली, जुन्या वळणाच्या मराठीतली. दर पानावर चार-पाच शब्द असे की मुलांनी ते कधी ऐकलेले नव्हते. सर म्हणाले, "अर्थ अंदाजाने सांगायचा नाही. कोश बघायचा. फेब्रुवारीत याच गोष्टीवर शब्दार्थांची स्पर्धा घेणार आहे. पहिला येईल त्याला शाळा उन्हाळ्यात पुण्याच्या वाचन शिबिराला पाठवील."

वैदेहीला मी आठवलो. तिने स्टूल घेऊन मला खाली काढले. स्नेहलने ओढणीच्या टोकाने माझी धूळ पुसली, बरणीच्या डागावरून बोट फिरवले आणि म्हणाली, "केवढा मोटा हाय गं. यात सगळं आसंल?"

"सगळं," वैदेही म्हणाली. "अप्पा म्हणायचे, कोश खोटं बोलत नाही."

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस मला अप्पांच्या काळापेक्षाही जास्त आवडले. दोन्ही मुली माझ्या दोन बाजूंना पालथ्या पडून गोष्ट वाचत. शब्द अडला की स्नेहल आधी अंदाज सांगे, मग दोघी मिळून माझे पान काढत. 'दुर्भिक्ष' म्हणजे दुष्काळ. 'बुभुक्षित' म्हणजे भुकेलेला. तो शब्द सापडल्यावर स्नेहल सौदामिनीला म्हणाली, "काकू, आज आमी दोघी लई बुभुक्षित हाय," आणि सौदामिनीला हसू आवरेना. 'पांथस्थ' म्हणजे वाटसरू. मग स्टँडवरच्या सगळ्या माणसांना त्या पांथस्थ म्हणू लागल्या. 'विमनस्क' म्हणजे मन ठिकाणावर नसलेला. तो शब्द त्यांनी गणिताच्या सरांना देऊन टाकला. वर्गात एकीने हळूच 'विमनस्क' म्हटले की दुसरीला खाली बघून हसू दाबावे लागे. घरी आल्यावर त्या हे सगळे एकमेकींना पुन्हा सांगत. मी मधोमध उघडा पडून ऐकत असे.

ती गोष्ट अशी होती. रखमाजी नावाचा एक माणूस इनामदाराचे धान्याचे कोठार सांभाळत असतो. दुर्भिक्ष पडते. गावची बुभुक्षित माणसे कोठारापुढे येऊन बसतात. रखमाजी कुलूप उघडतो आणि धान्य वाटतो. दुसऱ्या दिवशी इनामदार म्हणतो, "मला यातले काही ठाऊक नाही. याने चोरी केली." रखमाजी एक शब्द बोलत नाही. गाव त्याला हाकलून देते. लिहिणाऱ्याने कोण खरे ते कुठेही सांगितलेले नाही. फक्त एके ठिकाणी एक वाक्य आहे. 'रखमाजीने कोठार उघडिले ते धन्याच्या अपरोक्ष.'

स्नेहल ही गोष्ट रोज घरी जाऊन तिच्या आजोबांना, गेनबांना, वाचून दाखवी. दुसऱ्या दिवशी येऊन ती वैदेहीला सांगे, "आबा म्हनत्यात, रखमाजी चोर न्हाई. चोर आसता तर समद्यांना वाटलं आसतं व्हय? गपचूप घरी न्हेलं आसतं." गेनबांना त्या माणसाचा फार लळा लागला होता. नाचणी झोडपतानाही ते विचारीत, "काय झालं मंग त्येचं फुडं?"

एका संध्याकाळी उपेंद्र कोर्टातून लवकर आला. स्नेहल तेव्हा मोठ्याने वाचत होती. रखमाजी गाव सोडून जातो तो भाग. उपेंद्र दारातच थांबला. वाचन संपल्यावर तो वैदेहीला म्हणाला, "बघ, वैदेही. अप्पांचा कोश कुणाच्या हातात शोभतो ते बघ."

तो सहज बोलून आत गेला. स्नेहल लाजली. वैदेहीने मला मिटले. रोजच्यापेक्षा जरा जोराने मिटले, एवढेच माझ्या लक्षात आले.

स्पर्धा जवळ आली होती. त्या दिवशी गाडीची वेळ झाली म्हणून स्नेहल निघाली. दप्तर पाठीला लावून ती दारात चपला घालत होती. एका पायात चप्पल अडकवून ती थांबली.

"वैदेही, एक शब्द ऱ्हायला. अपरोक्ष. आमच्यात म्हनत्यात, माज्या अपरोक्ष केलं, म्हंजी माज्या मागं केलं, मी नसताना. पण तसं आसंल तर रखमाजी चोरच झाला की गं. मला न्हाई पटत. कोशात बघ ना तेवढं."

वैदेहीने मला उघडले. मी माझे पान तिच्यापुढे धरले. तिथे स्वच्छ छापलेले आहे, मित्रांनो. 'अपरोक्ष : डोळ्यांसमोरचे, प्रत्यक्ष. परोक्षच्या उलट.' लोक बोलताना उलटे वापरतात, पण शब्द असा आहे. म्हणजे रखमाजीने कोठार उघडले तेव्हा धनी तिथेच उभा होता. त्याने सगळे पाहिले आणि दुसऱ्या दिवशी हात झटकले. त्या सबंध गोष्टीची किल्ली या एका ओळीत होती.

वैदेहीचे बोट त्या ओळीवर आले. तिने ती वाचली. मला तिचे बोट थांबलेले कळले. मग ती मान वर करून म्हणाली, "मागे. तू म्हणतेस तेच आहे."

"नीट बघ गं."

"नीटच बघितलं. कोशात तसंच लिहिलंय. पाठीमागे, नकळत."

स्नेहलने दुसरी चप्पल घातली. मग म्हणाली, "मंग चोरच म्हनायचा. आबांना काय सांगू आता," आणि गाडी गाठायला पळाली.

मला वाचा नाही. पाने फडफडवायची म्हटले तरी वारा लागतो. माझ्यावर बोट ठेवून, माझे नाव घेऊन, माझ्यात नसलेली गोष्ट सांगितली गेली आणि मला गप्प राहावे लागले. अप्पांच्या हयातीत असे कधी घडले नव्हते. चुकून कुणी भलतीच ओळ वाचली असती तर मला काही वाटले नसते. इथे ओळ नीट वाचली गेली होती आणि मगच बदलली गेली होती.

दुसऱ्या दिवशी स्नेहलने आल्या आल्या मला मागितले. वैदेही म्हणाली, "बाबांनी ऑफिसला नेलाय, काहीतरी बघायला." मी ऑफिसात नव्हतो. मी आतल्या खोलीत, कपाटात, गोधड्यांच्या घडीखाली होतो. तिथून मला दोघींचे आवाज येत. स्नेहल इतर शब्दांची उजळणी करत होती. ती अजूनही वैदेहीला 'आर्जव' आणि 'उपरती' समजावून सांगत होती, वाक्यात वापरून.

स्पर्धेच्या सकाळी एक गोष्ट वैदेहीच्या हिशेबाबाहेर घडली. सरांनी उपेंद्रला पाहुणा म्हणून बोलावले होते. निघताना त्याच्या मनात आले की परीक्षकांच्या टेबलावर अप्पांचा कोश असावा. त्याने घरभर शोधून मला गोधड्यांखालून काढले. "हा इथं कुणी ठेवला?" तो म्हणाला, आणि पिशवीत घालून मला शाळेत घेऊन गेला.

मी टेबलावर होतो. पुढे मुले बसली होती. मागच्या बाजूला पालक होते आणि त्यांच्यात पांढरी टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ, हात गुडघ्यांवर ठेवून. स्नेहल ज्या तऱ्हेने सारखी तिकडे बघत होती त्यावरून मी ओळखले, हे गेनबा. नातीने वाचून दाखवलेल्या गोष्टीची स्पर्धा ऐकायला ते पहिल्या गाडीने आले होते.

शेवटी दोघीच उरल्या, स्नेहल आणि वैदेही. परीक्षक बाई पुण्याहून आलेल्या होत्या. त्यांनी विचारले, "अपरोक्ष या शब्दाचा अर्थ काय? आणि त्यावरून सांगायचं, रखमाजी प्रामाणिक होता की नव्हता?"

स्नेहल उभी राहिली. तिचा आवाज बारीक झाला होता. "अपरोक्ष म्हणजे पाठीमागे. मालकाच्या नकळत त्यानं कोठार उघडलं. म्हणून तो प्रामाणिक नव्हता. त्यानं चोरी केली."

मागे गेनबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

बाईंनी वैदेहीकडे पाहिले. वैदेहीची नजर टेबलावर, माझ्यावर होती. एक क्षण मला वाटले, ही आता खरे काय घडले ते सांगेल. ती म्हणाली, "अपरोक्ष म्हणजे प्रत्यक्ष, डोळ्यांसमोर. मालकानं बघितलं होतं. रखमाजी प्रामाणिक होता."

"बरोबर," बाई म्हणाल्या. "पुष्कळ मोठी माणसंही हा शब्द उलटा वापरतात. बघा, कोशातच वाचून दाखवते." त्यांनी मला उघडले आणि माझी ओळ मोठ्याने वाचली.

स्नेहल माझ्याकडे बघत होती. लाल कापड, वाळवीने खाल्लेला कोपरा, बरणीचा गोल डाग. तिने मला ओळखले. मग तिने हळूहळू मान वळवून वैदेहीकडे पाहिले. वैदेही आपल्या नखांकडे बघत होती.

"तू हा अर्थ कुठून घेतलास, बाळ?" बाईंनी प्रेमाने विचारले.

सगळे सांगून टाकायला तिला एक वाक्य पुरले असते. ती म्हणाली, "मी स्वतः कोश बघितला न्हवता."

प्रद्युम्न सर हिरमुसले. "पहिल्या दिवशी मी काय सांगितलं होतं, स्नेहल?" ते म्हणाले. टाळ्या वाजल्या. वैदेहीला चषक मिळाला आणि शिबिराचे नाव पक्के झाले. उपेंद्रने मला उचलून छातीशी धरले आणि सगळ्यांना म्हणाला, "आमच्या अप्पांचा कोश." मला त्या वेळी त्याच्या हातातून निसटून खाली पडावेसे वाटले.

त्यानंतर स्नेहल घरी यायची थांबली. सौदामिनीने विचारले की वैदेही म्हणे, "अभ्यास असतो तिला." मला पुन्हा कपाटावर ठेवले होते. दोघींमधला एकही शब्द आता कानावर पडत नव्हता.

एका दुपारी ती आली. हिवाळ्यात सकाळच्या गाडीला गार लागते म्हणून वैदेहीने तिला एक स्वेटर दिला होता. तो धुऊन, घडी घालून ती परत द्यायला आली होती.

"ठेव ना तुझ्याकडेच," वैदेही म्हणाली.

"नगं."

"तू बोलत का नाहीस माझ्याशी?"

स्नेहलने स्वेटर तिच्या हातात दिला. मग म्हणाली, "मी दारात हुबी व्हते. तू पान काढलंस, बोट ठिवलंस. तुला दिसलं व्हतं ना?"

वैदेहीने होकारार्थी मान हलवली.

"मंग?"

"तुला सगळंच येत होतं," वैदेही म्हणाली. "सरांना तू आवडायचीस. बाबांनासुद्धा. मला वाटलं, एकच शब्द तर आहे."

"मला शब्दाचं काय न्हाई," स्नेहल म्हणाली. "न्हाई सांगत, आसं म्हनली आसतीस तरी चाललं आसतं. म्या तुला विचारलं व्हतं गं."

स्वयंपाकघराच्या दारात सौदामिनी उभी होती. तिने सगळे ऐकले होते. ती वैदेहीवर ओरडली नाही. ती फक्त म्हणाली, "उद्या चषक घेऊन सरांकडे जायचं. मी येते बरोबर."

"काकू, ते तुमी काय करायचं ते करा," स्नेहल म्हणाली. "पण आमच्या आबांना कुनीतरी सांगा. त्या दिवसापास्नं ते मला गोष्ट वाच म्हनत न्हाईत."

सरांना सगळे कळले. शिबिराला स्नेहलचे नाव गेले. शाळेत जाहीर करू का, असे सरांनी विचारले तेव्हा ती नको म्हणाली. आणि रविवारी सौदामिनी वैदेहीला आणि मला घेऊन हिर्डोशीच्या एसटीत बसली. धरणाच्या कडेकडेने गाडी वळणे घेत होती. वैदेही मला मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या हाताचा घाम माझ्या कापडाला लागत होता.

गेनबा गोठ्याच्या दारात दावे वळत बसले होते. त्यांनी दोघींना घोंगडी टाकली. वैदेहीने मला उघडले. पहिल्या खेपेला तिला वाचवेना. दुसऱ्या खेपेला तिने वाचले, "अपरोक्ष. डोळ्यांसमोरचे, प्रत्यक्ष." मग म्हणाली, "आजोबा, स्नेहलला मी खोटं सांगितलं होतं. कोशात हे होतं."

गेनबांचे हात थांबले. "म्हंजी धनी तितंच हुबा व्हता."

"हो."

"बगत व्हता."

"हो."

"आन् दुसऱ्या दिशी म्हनला, मला ठावं न्हाई."

वैदेही रडू लागली. गेनबांनी दावे खाली ठेवले. मग घरात स्नेहलच्या आईला हाक मारून म्हणाले, "सुलक्षणा, पोरींना च्या टाक." आणि दाराशी उभ्या असलेल्या नातीला म्हणाले, "वाच गं बाय, शेवटलं पान. आता नीट आयकतो."

स्नेहलने वाचले. रखमाजी गावाच्या वेशीवर थांबतो आणि मागे न बघता निघून जातो. वाचताना तिचा आवाज कुठेही हलला नाही. पूर्वी या जागी तो हलत असे.

परतीच्या गाडीपर्यंत ती दोघींना सोडायला आली. वैदेहीची पिशवी स्नेहलने उचलली होती. गाडीचा आवाज आला तेव्हा वैदेही म्हणाली, "संध्याकाळी येशील ना आता? गाडी लागेपर्यंत?"

"स्टँडवर आता नवीन बाकडी टाकल्यात," स्नेहल म्हणाली. "बसाय येतं तितं."

सौदामिनीने मला स्नेहलच्या हातात दिले. "हा तुझ्याकडे राहू दे," ती म्हणाली. "वैदेहीच्या बाबांनीच सांगितलंय." स्नेहलने मला घेतले. नाही म्हणाली नाही आणि आनंदलीही नाही.

तेव्हापासून मी हिर्डोशीला आहे. नवे कापड शिवून तिने मला वेष्टन घातले आहे. शिबिराहून येताना तिने दुसरी एक जुनी गोष्ट आणली, आणि रोज माझी पाने उलटली जातात, तीही वरच्या कोपऱ्याला धरून. माझ्यासारख्याला याहून जास्त काय हवे?

पण परवाचे सांगतो. ती भाकरी थापत होती. गोष्ट वाचता वाचता गेनबांनी एक शब्द विचारला. चुलीपाशी बसलेली तिची आई सुलक्षणा म्हणाली, "तुजं हात पिठाचं हायती. म्या बघून सांगते की. सातवी शिकलीया मी."

"नगं, आई," स्नेहल म्हणाली. तिने तव्यावरची भाकरी उतरवली, हात धुतले, पुसले आणि स्वतः येऊन माझे पान काढले. ओळ वाचली. पुन्हा एकदा वाचली.

"केवढी शिस्त पोरीला," सुलक्षणा कौतुकाने म्हणाली.

मित्रांनो, ती शिस्त नाही. आपल्या आईने वाचलेली ओळसुद्धा तिला आता पुरत नाही. माझ्यात हजारो शब्द आहेत, पण तिचा गेलेला विश्वास परत आणील असा एकही शब्द माझ्याकडे नाही. म्हणून तुम्हाला एकच विनवणी. माझ्यावर धूळ बसली तरी चालेल, बरण्या ठेवल्या तरी चालतील. पण कुणी दारात उभे राहून तुम्हाला विचारले, "तेवढं बघून सांग ना," तर पानावर जे छापले असेल तेच वाचा. विचारणाऱ्याने तुमच्या हातात नुसता शब्द दिलेला नसतो.